सभापतींच्या शेडमधले सोमवार

“काम क्या है?” शुक्लाजींनी विचारलं.

“काम नहीं है,” मी म्हणालो.

त्यांनी पेन तसंच धरून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. समोर रजिस्टर उघडं होतं. नाव, गाव, मोबाईल, काम असे चार रकाने. तीन भरून झाले होते. मग आलात कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नुसतं भेटायला, नमस्कार करायला. शेडमध्ये बसलेली माणसं वळून बघायला लागली. कोणाला गावात हँडपंप हवा होता, कोणाचं नाव घरकुलाच्या यादीतून गळलं होतं, कोणाच्या पोराची बदली अडली होती. काम नसताना पुढाऱ्याच्या दारात आलेला माणूस त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितला. घरी कोण असतं, असं शुक्लाजींनी विचारलं. एकटाच, मुलगी भिलाईला, मी म्हणालो. त्यांनी चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि मला बाकाकडे बोट दाखवलं.

हा माझा पहिला सोमवार. असे पुढे सव्वा वर्ष सोमवार मी त्या बाकावर काढले. का काढले, आणि त्यातून काय निघालं, ते सांगतो.

मी एका साख सहकारी संस्थेचा प्रबंधक आहे. महाराष्ट्रात तिला पतसंस्था म्हणतात आणि प्रबंधकाला मॅनेजर. आमच्या बालाघाटात शब्द वेगळे, धंदा तोच. सभासद दर महिन्याला थोडं थोडं साठवतात आणि त्या साठ्यातून आपल्यातल्याच अडलेल्याला कर्ज देतात. बाहेरचा कोणी मालक नसतो. जो साठवतो तो मालक. आमचे सभासद भरवेलीच्या, म्हणजे खाणीच्या गावाच्या आसपासचे. ठेक्यावरचे मजूर, अंगणवाडीच्या बाया, शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या बाया. संस्थेचं ऑफिस म्हणजे भाड्याची एक खोली आणि एक लोखंडी कपाट. संचालक मंडळ आहे, पण अध्यक्ष मुलाकडे राहायला गेले, ते सहीपुरते येतात. बाकीचं सगळं मी बघतो. सभासद मला रंगारी बाबू म्हणतात.

जबलपूरला आमच्यासारख्या संस्थांचं एक ट्रेनिंग झालं होतं. तिथले सर म्हणाले, लोकप्रतिनिधींशी रिलेशन ठेवा. कायदा बदलतो, नियम बदलतात, तेव्हा तुमची बाजू मांडणारं कोणी पाहिजे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, काम पडल्यावर सगळेच जातात. तुम्ही काम नसताना जा. मी हे वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी आज्ञाधारक माणूस आहे. शाळेतही तसाच होतो.

मी सभापतीजींना निवडलं. जिल्हा पंचायतीत निवडून आलेल्या सदस्यांच्या समित्या असतात. शेतीची एक, शिक्षणाची एक, तशी सहकार आणि उद्योगाचीही एक. तिच्या प्रमुखाला सभापती म्हणायचं. सहकार खात्याचे साहेब त्या बैठकीला येऊन बसतात, म्हणजे आपल्या कामाचा माणूस हाच. राजेगाव रस्त्यावर त्यांचं घर आहे. अंगणात टिनाचं शेड टाकलेलं आहे आणि दर सोमवारी तिथे लोक भेटायला येतात. शुक्लाजी शाळेतून रिटायर झालेले क्लार्क. ते रजिस्टर सांभाळतात.

तर मी जायला लागलो. दहाला जायचो, एकला निघायचो. सभापतीजी आले की उठून हात जोडायचे. ते म्हणायचे, “कैसे हो दादा?” मी म्हणायचो, बढिया. त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून संस्थेचं नाव मी काढलं नाही. आधी ओळख पक्की होऊ दे, असं मला वाटायचं. पाहुण्याच्या घरी पाय ठेवताच कोणी सोयरिकीचं बोलत नाही. माझं अक्षर चांगलं आहे, सरकारी हिंदी चांगली येते. शेडमध्ये कोणाला अर्ज लिहून हवा असला की शुक्लाजी माझ्याकडे पाठवायचे. किती हँडपंप मी त्या बाकावर बसून मागितले असतील, मोजले नाहीत. संस्थेसाठी मात्र एक ओळ लिहिली नाही.

आता खरं सांगायचं तर मला सोमवार आवडायला लागला होता. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी भिलाईला असते. घरी गेल्यावर मी टीव्ही लावायचो, तो बघण्यासाठी नाही, घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून. सोमवारी मात्र चहा यायचा, कोणी सरकून जागा द्यायचं, कोणी विचारायचं, दादा, मागच्या वेळी खोकला होता तो गेला का. मी मनात म्हणायचो, रिलेशन बांधणं चालू आहे. संस्थेच्या रिपोर्टमध्येही तसंच लिहायचो.

मग नोटीस आली.

सहकार खात्याची. दोन वर्षं लागोपाठ आमसभेला कोरम झाला नाही. आमसभा म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची बैठक, आणि कोरम म्हणजे ती खरी धरण्यासाठी लागणारी कमीत कमी माणसं. आमसभा नाही म्हणून निवडणूक नाही, निवडणूक नाही म्हणून नवं मंडळ नाही. सबब संस्था निष्क्रिय दिसते, तिचं परिसमापन का करू नये, महिन्याभरात उत्तर द्या. परिसमापन म्हणजे दुकान गुंडाळणं. खात्याचा एक माणूस येतो, कपाटाला सील लावतो आणि ज्याचं त्याला वाटून संस्था मिटवतो. वाटायला कधी कधी वर्षं जातात. आणि मिटली की भरवेलीच्या बायांना पुन्हा त्या घरोघर फिरणाऱ्या कर्जवाल्यांसमोर उभं राहायचं होतं, जे हप्ता चुकला की चुलीपर्यंत येऊन बसतात.

नोटिशीत चूक काहीच नव्हती. दोन्ही वर्षी मी भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि दोन्ही वर्षी त्या तशाच परत गेल्या होत्या. पण मला धीर होता. आपण सव्वा वर्ष पेरलंय, आता कापायचं. सभापतीजींनी समितीत एक शब्द टाकला, की संस्थेला मुदत द्या, तर साहेब ऐकतील. एवढंच हवं होतं.

सोमवारी फाईल घेऊन गेलो. “आज काम है,” मी शुक्लाजींना म्हणालो. ते हसले. म्हणाले, आपको क्या काम, बैठिए, चाय आ रही है. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मला शेवटचा नंबर दिला, कारण बाकीची माणसं लांबून आली होती आणि मी काय, बसणारच होतो.

माझा नंबर आला तेव्हा सभापतीजींची गाडी चालू होऊन उभी होती. त्यांनी अर्ज घेतला, वरवर बघितला, आणि फार मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, पेन्शन का मामला है क्या?”

मी म्हणालो, नाही, संस्थेचा आहे. आपली साख संस्था, भरवेलीची.

“अच्छा, आप संस्था चलाते हो? हम तो समझे मास्टर थे.” मग अर्जाकडे बघत म्हणाले, “आपकी है संस्था?”

“सबकी है. सदस्यों की.”

“तो सदस्य कहाँ हैं?”

मी मागे बघितलं. का बघितलं कोण जाणे. मागे रिकामा बाक होता. ते म्हणाले, देखते हैं. मग जाता जाता थांबून म्हणाले, “बेटी के पास क्यों नहीं चले जाते, दादा? अकेले कब तक रहोगे?” गाडी गेली.

शुक्लाजी आत पाणी प्यायला गेले होते. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. आपल्या अर्जाची नोंद नीट झाली की नाही, एवढंच बघायचं होतं मला. झाली होती. मग सहज मागची पानं उलटत मी पहिल्या सोमवारापर्यंत गेलो. रंगारी दादा, बालाघाट, मोबाईल नंबर, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अकेले हैं. बैठने आए हैं.’ त्यापुढच्या प्रत्येक सोमवारी माझ्या नावापुढे ‘वही’, म्हणजे तेच, एवढंच लिहिलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. शुक्लाजींनी खोटं काय लिहिलं होतं? मी इतके दिवस संस्थेची ओळख करून देतोय असं समजत होतो, आणि तिथे ओळख झाली होती ती माझ्या रिकाम्या घराची. चहा मिळत होता तो त्याच्यासाठी. सायकल हातात धरून मी रस्त्यानं चालत निघालो, चढून बसायचंही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरवेलीला गेलो. शेवंताबाई मेश्राम आमच्या जुन्या सभासद. शाळेत मुलांचं जेवण रांधतात. त्या भांडी घासत होत्या. मी नोटीस वाचून दाखवली. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

“हे आमाले आता सांगून राह्यले?”

मी म्हणालो, तुम्हाला कशाला त्रास म्हणून नाही सांगितलं.

“बाबू, मागच्या साली मी म्हटलंतं का नाई, का आमी येतो तुमच्यासंगं त्या नेत्याकडं? तुमी काय म्हटलं? काहून येता, मी आहो ना. आमसभेले म्हटलं का लोकाईले सांगू का, तरी तेच. मी आहो ना.” मग म्हणाल्या, “तुमी आहा, तं आमी कायले राहाव?”

तेवढ्यात शेजारच्या आणखी दोघीतिघी येऊन बसल्या आणि माझी हजेरी सुरू झाली. आमसभा मी दर वेळी रविवारी ठेवायचो, सुट्टीचा दिवस म्हणून. रविवारी बाजार असतो आणि अर्ध्या बाया भाजी घेऊन बाजारात बसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. ठेक्यावरच्या काही जणांना सोमवारची सुट्टी असते. ते ऑफिसात यायचे तर दाराला कुलूप. प्रबंधक कुठे? तर नेत्याकडे, संस्थेसाठी.

सगळ्यांत मोठी गोष्ट पासबुकांची. आमच्याकडे सभासदांची पासबुकं सभासदांकडे नसतात. माझ्या कपाटात असतात. ही पद्धत कधी पडली ते मला आठवतं. एका पावसाळ्यात कोणाचं तरी पासबुक भिजलं, मग तिनं ते माझ्याकडे ठेवायला दिलं, तिचं बघून दुसरीनं दिलं. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून आणखी काहींनी दिली. होता होता सगळीच माझ्याकडे आली. मी नंबरवार लावून ठेवली होती, त्याचा मला अभिमान होता. म्हणजे आपण या संस्थेचे मालक आहोत हे सांगणारी एकुलती एक वस्तू मी चारशे माणसांकडून गोळा करून कुलुपात ठेवली होती.

तो पूर्ण आठवडा मी पासबुकं परत वाटत फिरलो. दुपारनंतर सायकलला पिशवी अडकवायची आणि घर शोधत जायचं. कितीतरी घरं मी पहिल्यांदा बघितली. वीस वर्षं ज्यांच्या सह्या ओळखतो त्यांची दारं मला माहीत नव्हती. एका बाईनं पासबुकातला आपला जुना फोटो बघून नातीला हाक मारली. एकीनं पासबुक माझ्याच पिशवीत परत कोंबलं. “घरी नोका देऊ बाबू, बुढ्याले दिसन.” मी म्हणालो, मग शेजारणीकडे ठेवा, पण माझ्याकडे नको. प्रत्येक घरी मी एकच सांगितलं. सोमवारी सभापतींकडे जायचं आहे, मी नाही, आपण. कोणी हौ म्हणालं, कोणी बघू म्हणालं. बघूचा अर्थ मला कळतो.

सोमवारी दहाला मी शेडच्या फाटकात उभा राहिलो. आत बसलो नाही. अकरा वाजले, बारा वाजले. शुक्लाजी दोनदा बोलावून गेले. एक वाजता शेड रिकामं व्हायला लागलं. मी फाटकाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला खरोखर वाटलं की जावं आता भिलाईला. नातवाला शाळेत सोडायचं, आणायचं. संस्था मिटली तर मिटली. इतकी माणसं असून ज्याच्याबरोबर बसून पोळी खावी असा एक माणूस मला या गावात उरला नव्हता, आणि हे आपणच केलं, हे त्या खांबाला टेकून मला नीट दिसलं.

पावणेदोनला दोन ऑटो आले. शाळेतली मुलं जेवल्याशिवाय बाया निघणार कशा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नऊ बाया आणि सुट्टीवरचे तीन मजूर. हातांना हळदीचा वास, आणि हातात पासबुकं. शुक्लाजी रजिस्टर मिटत होते. शेवंताबाईंनी ते पुन्हा उघडायला लावलं आणि प्रत्येकाचं नाव वेगवेगळं लिहायला लावलं. कामाच्या रकान्यात बारा वेळा एकच काम. शुक्लाजी कुरकुरले, खाली नुसतं ‘वही’ लिहू का म्हणाले. त्या म्हणाल्या, पूरा लिखो.

सभापतीजी जेवायला उठले होते, ते थांबले. शेवंताबाई घरच्या बोलीत सुरू झाल्या आणि तेही त्याच बोलीत बोलायला लागले. राजेगावकडचे ते, त्यांच्या घरात हीच बोली. माझ्याशी सव्वा वर्षात तिच्यात कधी बोलले नव्हते, कारण मी त्यांच्यासमोर हिंदीचा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. त्यांनी शेवंताबाईंना माहेर विचारलं. त्यांच्या मामाच्या गावाजवळचं निघालं. मग विचारलं, कर्ज कोणाला द्यायचं हे कोण ठरवतं, कोणी बुडवलं तर काय करता. बाया एकमेकींचं बोलणं तोडत सांगायला लागल्या. मी कोपऱ्यात फाईल धरून उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी सभापतीजींनी माझ्याकडे बोट केलं. “अन् हे दादा? हे तुमचे कोण?”

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“हे होय आमचे बाबू. आमच्या संस्थेत नोकरीले हायेत.”

खरं सांगतो, आधी ते मला टोचलं. आयुष्य घातलं आणि शेवटी नोकरीला! पण कागद काढून बघितला तर माझ्या नेमणूकपत्रात तेच लिहिलेलं आहे. सभापतीजी हसले आणि म्हणाले, म्हणजे मालकीण तुम्ही. त्या म्हणाल्या, हौ.

पुढचं थोडक्यात सांगतो. सभापतीजींनी समितीच्या बैठकीत विषय काढला. त्यांनी माझा अर्ज वाचला नाही. ते म्हणाले, बारा सभासद माझ्या दारात येऊन बसले होते, या संस्थेला निष्क्रिय कसं म्हणता. सुनावणीला साहेबांनी आमसभा आणि निवडणुकीसाठी मुदत दिली. आमसभा आम्ही बुधवारी घेतली, दुपारी तीनला, शाळेच्या व्हरांड्यात. वेळ बायांनी ठरवली. कोरमपेक्षा जास्त माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या, नंतरची माणसं खाली बसली. नवं मंडळ निवडून आलं, त्यात शेवंताबाई आल्या. नोटीस मागे घेतल्याचा कागद हिवाळा संपता संपता आला. तो मी कपाटात ठेवला नाही, भिंतीवर लावला.

नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत दोन ठराव झाले. एक, ऑफिस सोमवारी उघडं राहील. दोन, दर सोमवारी दोन सभासद सभापतींकडे जातील, काम असो नसो, पाळीपाळीनं. पाळीची यादी मलाच लिहायला सांगितली, अक्षर चांगलं म्हणून. मी वर्षभराची नावं लिहिली. माझं नाव कुठे घालायचं, असं विचारलं.

“तुमाले तिथं सारे ओळखतात, बाबू,” शेवंताबाई म्हणाल्या. “आता आमाले ओळखू द्या.”

कोणाला या धंद्यात उतरायचं असेल तर माझ्या अनुभवाचं सार एवढंच. पुढाऱ्याच्या दारात काम नसताना जावं, हे जबलपूरच्या सरांनी बरोबर सांगितलं होतं. पण एकट्यानं जाऊ नये. एकटा गेलेला माणूस तिथे स्वतःचीच ओळख करून येतो, संस्था घरीच राहते.

सोमवारी आता मी नऊला ऑफिस उघडतो. सुट्टीवरचे चारदोन जण येतात, काम करून जातात. दुपारी शेडवरून परतलेल्या दोघी मला काय काय झालं ते सांगतात, आणि मी लिहून घेतो. संस्था चांगली चालू आहे, माझ्यावाचूनही चालेल अशी झाली आहे. हे मला पूर्ण पटलेलं आहे. आवडलेलं मात्र अजून नाही.